झाडीपट्टीची रंगभूमी : धानाचा हंगाम, गावमंडळ आणि प्रसिद्धीची साधने

मराठी रंगभूमीच्या इतिहासाची कालगणना सामान्यतः सांगली येथे १८४३ साली झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू होते, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पाशी तिला नवे वळण मिळते, आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने उघडलेल्या युगात व्यावसायिक नाटकमंडळ्यांच्या ऱ्हासाची नोंद होते. पुणे-मुंबईच्या दृष्टीने ही मांडणी बरोबर आहे. परंतु वैनगंगेच्या खोऱ्याला ती लावू गेल्यास ती अपुरी पडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात रात्रभर चालणारे, तिकीट लावून होणारे आणि हजारोंच्या समुदायाने पाहिले जाणारे नाटक बोलपटाने मारले नाही, आकाशवाणीने मारले नाही आणि दूरचित्रवाणीनेही मारले नाही. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

विवेचनाच्या आरंभी स्थान निश्चित करणे इष्ट होय. भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शहापूर हे गाव आहे. १९६४ साली त्याच परिसरात जवाहरनगर येथे आयुध निर्माणी उभी राहिली व शेतीवर जगणाऱ्या या भागात पगारदार कामगारांची वस्ती झाली. सांस्कृतिक भूगोलाच्या दृष्टीने हा परिसर दोन प्रवाहांच्या मधोमध आहे. पश्चिमेकडून नागपूरचे वृत्तपत्र, नागपूरची मारबत आणि तान्हा पोळा यांचा प्रभाव येथवर पोहोचतो. पूर्वेकडून, वैनगंगेच्या पलीकडील साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या भागांतून दंडार, मंडई आणि शंकरपट यांची परंपरा येऊन भिडते. म्हणूनच झाडीपट्टीचा विचार करताना तिच्या गाभ्याइतकाच तिच्या या पश्चिम सीमेचाही विचार उपयुक्त ठरतो. एखाद्या कलाप्रकाराचे बळ त्याच्या सीमेवरच नीट मोजता येते.

‘झाडी’ ही संज्ञा अर्थातच वनप्रदेशाची द्योतक आहे. या भूमीचा मराठी वाङ्मयाशी असलेला संबंध प्राचीन आहे. महानुभाव परंपरेतील नीळभट्ट भांडारेकर यांच्या नावातच भंडाऱ्याची खूण आहे. येथील बोलीचा व दंडारीचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी निष्ठेने केला आणि झाडीबोलीला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रशासकीय इतिहास मात्र या प्रदेशाला सतत दुसऱ्या कोणत्या तरी केंद्राशी जोडत आला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली व १९९९ साली भंडाऱ्यामधून गोंदिया हे जिल्हे वेगळे झाले. राजधानी बदलत राहिली. पण धानाचा हंगाम बदलला नाही. रंगभूमीचे नाते राजधानीशी नव्हे, तर या हंगामाशी जुळलेले आहे.

हे नाते कसे, ते पाहू. हलके धान दिवाळीच्या सुमारास हाती येते, भारी धानाची कापणी त्यानंतर होते व पुढे चुरणे सुरू होते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. मंडई ही केवळ बाजारपेठ नव्हे. सोयरेधायरे एकत्र येण्याचा, लग्ने जुळविण्याचा व देणीघेणी पुरी करण्याचा तो प्रसंग असतो. संक्रांतीच्या आसपास शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. पाहुणा दिवसा पट पाहतो आणि रात्री मुक्कामाला राहतो. या मुक्कामाच्या रात्रीची गरज ही झाडीपट्टीच्या नाटकाची पहिली जननी होय. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. कारण प्रेक्षकाला मध्यरात्री परतण्याचे साधन नसे. नाटकाची लांबी ही येथे लेखकाच्या लहरीवर नव्हे, तर बैलगाडीच्या प्रवासावर ठरली. शहरातील नाटक तीन तासांत आटोपले, त्यामागे शेवटच्या आगगाडीची वेळ होती. येथे नाटक उजाडेपर्यंत लांबले, त्यामागे गाडीवाट होती.

या रात्री पूर्वी दंडारीच्या व खडी गंमतीच्या असत. दंडारीत शेतकरीच नट, शेतकरीच गायक, व स्त्रीभूमिका पुरुषांकडे. रंगमंच, पडदा व तिकीट यांची तिला गरज नव्हती. खडी गंमतीत शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि नाच्या यांच्या आधारे सवालजवाब व विनोद रंगत. पुढे पडदे, वेशभूषा, प्रवेशांची विभागणी व संगीत पदे असलेले नाटक आले. त्याने जुन्या प्रकारांना पूर्णपणे हुसकावून न लावता त्यांची वैशिष्ट्ये पोटात घेतली. पदे, लावणी आणि विनोदी पात्राला मिळणारे भरपूर स्वातंत्र्य ही त्याचीच निशाणी आहे. प्रयोगस्थळाची रचनाही लक्षणीय आहे. शेतात उताराचा खड्डा खणून प्रेक्षकांची बसण्याची सोय करावयाची व निघालेल्या मातीचा रंगमंच उभारावयाचा, ही पद्धत येथे रूढ झाली. कापणी झालेले शेत मोकळे असल्याखेरीज असे नाट्यगृह बांधता येत नाही. एका अर्थी धानाचे शेतच वर्षातून काही महिने नाट्यगृह होते.

आता दुसऱ्या घटकाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे मालगुजारी पद्धती स्थिर झाली. गावाचा तलाव, गावाची जत्रा आणि पटाचे बैल या तिन्ही गोष्टींत मालगुजाराचे वजन असे. १९५० च्या कायद्याने मध्यप्रदेशातील मालकी हक्क रद्द झाले व १९५१ च्या मार्चअखेर त्याची अंमलबजावणी झाली. तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने उरले. आश्रयदाता गेल्यावर कला लोपते, हा इतिहासातील नित्याचा अनुभव; झाडीपट्टीत मात्र आश्रयाची जागा गावच्या मंडळाने घेतली. मंडळाने वर्गणी गोळा करावी, खर्च करावा, तिकिटे विकावी आणि शिल्लक गावच्या सार्वजनिक कामाला लावावी, असा व्यवहार रुळला. आरंभी गावचेच हौशी नट तालमी करीत. बाहेरून फक्त स्त्रीपात्रे, वादक आणि पडदे भाड्याने आणले जात. पुढे संपूर्ण नाटक ठरावीक रकमेला देणाऱ्या कंपन्या निर्माण झाल्या. येथे एक सामाजिक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे : मालगुजाराच्या आश्रयात प्रेक्षक हा पाहुणा होता; मंडळाच्या व्यवहारात तो तिकीट घेणारा, म्हणून नाटकाला पसंत-नापसंत करण्याचा अधिकार असलेला नागरिक झाला.

या कंपन्यांचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथे का झाले? त्याचे प्रमुख कारण दळणवळणात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारा अरुंदमापी लोहमार्ग तयार झाला व वडसा हे त्यावरील स्थानक ठरले. भंडारा, चंद्रपूर व गोंदिया या तिन्ही बाजूंच्या गावांना येथून नट, पडदे आणि वाद्ये नेणे सोयीचे झाले. नाट्यकेंद्र विद्वत्तेच्या जागी नव्हे, तर वाहतुकीच्या सांध्यावर वाढते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. या परंपरेतील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या केंद्राची देशपातळीवर नोंद झाली.

तिसरा घटक म्हणजे प्रसिद्धीची साधने. विदर्भाची मराठी वृत्तपत्रसृष्टी नागपुरात वाढली. १९०७ साली अच्युत बळवंत कोल्हटकरांचे ‘देशसेवक’, १९१४ साली गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’, १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखालील ‘तरुण भारत’, आणि १९७१ साली नागपूरहून निघालेले दैनिक ‘लोकमत’ हे तिचे ठळक टप्पे होत. १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. परंतु झाडीपट्टीच्या नाटकाची बातमी लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम मुख्यतः हस्तपत्रक, भित्तिपत्रक आणि ध्वनिवर्धक लावून फिरणारी गाडी यांनी केले. वृत्तपत्र साक्षराशी बोलते. ध्वनिवर्धक सर्वांशी बोलतो. शहापूरसारख्या हमरस्त्यावरील गावात ही दोन्ही माध्यमे एकमेकांना भेटतात. स्थानिक माध्यम म्हणजे लहान वृत्तपत्र, ही आपली समजूत येथे सुधारून घ्यावी लागते. पत्रकावर नाटकाचे नाव, मंडळाचे नाव, नटांची नावे, तिकिटाचे दर आणि तिथी एकत्र असतात; म्हणजेच इतिहासकाराला हवे असलेले बहुतेक सर्व काही त्या एका कागदावर असते.

या तीन घटकांपैकी आधारभूत कोणता, याची कसोटी अलीकडच्या काळाने घेतली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रत्यक्ष परवानगी १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. पट हाच नाटकाचा प्राण असता, तर मधल्या वर्षांत रंगभूमी बंद पडावयास हवी होती. तसे झाले नाही. मंडई व गावमंडळ यांच्या बळावर प्रयोग चालू राहिले. याउलट २०२० सालच्या साथीने माणसांचे एकत्र येणेच थांबविले, तेव्हा मात्र हंगाम कोलमडला. यावरून असा निष्कर्ष काढता येतो की, शंकरपट हे निमित्त होते. अधिष्ठान हंगामानंतरचा मेळा आणि तो भरविणारे मंडळ यांचे होते.

या रंगभूमीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तिची कथानके अतिरंजित, संवाद भडक व लावण्या अस्थानी असतात, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु व्यसन, हुंडा, जमिनीचा वाद, सून आणि सासर हे तिचे विषय प्रेक्षकाच्या घरातले आहेत, आणि पहाटे तीन वाजता उघड्या शेतात, थंडीत बसलेल्या समुदायाला जागे ठेवण्याची अट शहरी नाटकाला कधीच पाळावी लागलेली नाही. दोन्हींना एकच माप लावणे समीक्षेच्या दृष्टीने योग्य नव्हे. तसेच तिला ‘लोककलेचा अवशेष’ म्हणणेही चूक ठरेल. कंत्राट, तिकीट, लोहमार्ग, छापील पत्रक व ध्वनिवर्धक यांवर उभी असलेली संस्था ही आधुनिकच मानावी लागते; तिची आधुनिकता ग्रामीण आहे, एवढेच.

प्रश्न उरतो तो जतनाचा. संहिता बहुधा कंपनीच्या वहीत राहते, पत्रक प्रयोगानंतर फाटते आणि मंडळाचा जमाखर्च पदाधिकाऱ्यांबरोबर हरवतो. नाटक जगते, पण त्याचा पुरावा मरतो. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील मंडळांची खतावणी, हस्तपत्रके आणि वृद्ध नटांच्या मुलाखती पद्धतशीरपणे गोळा करणे अगत्याचे आहे. दहा गावांचे वीस वर्षांचे जमाखर्च हाती आले, तर धानाचे पीक, गावाची ऐपत आणि नाटकाची पसंती यांचा संबंध अंदाजाने सांगावा लागणार नाही. तो मांडून दाखविता येईल. मराठी रंगभूमीचा इतिहास तेव्हा कोठे सर्व मराठी मुलखाचा इतिहास होईल.