पैरा आणि संगणक

पैऱ्याची रीत आम्हां कोल्हापूरकडच्या मंडळींना नवी नाही. आज तुमच्या रानात माझी बैलजोडी, उद्या माझ्या रानात तुमची. पैशाची देवघेव नाही; पण जो दुसऱ्याच्या बांधावर जात नाही, त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही. संगणकांनी आपसांत फाइली वाटून घेण्याची जी पद्धत बसवली, तिचे मर्म मला या पैऱ्यातच दिसते.

पूर्वी एका मोठ्या संगणकावर माल असे आणि सारे गाव घागरी घेऊन त्या एकाच आडावर! १९९९ साली शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या अमेरिकन पोराने ‘नॅपस्टर’ काढले. गाणी लोकांच्या घरी, त्यांची यादी मात्र कंपनीच्या घरी. तेच नडले. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ती यादी बंद पडली. सन २००० च्या ‘नुटेला’ने यादीच ठेवली नाही. शेजाऱ्याला विचारा, तो त्याच्या शेजाऱ्याला विचारील. माणसे वाढली तशी नुसत्या विचारपूशीनेच वाट तुंबू लागली.

खरा पैरा आणला ब्रॅम कोहेनने, २००१ साली, ‘बिटटॉरेंट’मध्ये. फाइलीचे लहान लहान तुकडे करायचे आणि आपल्याला मिळालेला तुकडा लगेच दुसऱ्याला देऊ लागायचे. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधीच नोंदलेला असतो. तो जुळला नाही तर तुकडा फेकून द्यायचा. जो देतो त्याला आधी मिळते. पण नवख्यापाशी द्यायला काय असणार? म्हणून दर तीस सेकंदांनी एखाद्याला बिनहिशेबी देऊन पाहतात. (हे आमच्या पैऱ्यातही असावे, असे वाटते.) मौज अशी की, आडावर गर्दी वाढली की खोळंबा होतो; इथे गर्दी वाढली की पाणी वाढते.

दुर्मिळ तुकडा आधी घ्यायचा, हा आणखी एक नियम. एकाच्याच घरी असलेला तुकडा तो माणूस उठून जाण्यापूर्वी चार घरी पोचला पाहिजे. पुढे २००५ च्या सुमारास, कोणापाशी काय आहे हे सांगणारी यादीही साऱ्यांत वाटली गेली.

चोरीचा माल या वाटेने पुष्कळ गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ची प्रत पडद्यावर येण्याआधीच अशी फुटली. उलट, लिनक्ससारखी मोफत प्रणाली याच वाटेने राजरोस वाटली जाते.

हे वर्गात सांगत होतो, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, मग बाबूराव पेंटरांचे मूकपट तिथं मिळत्यात का?” पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० चा, याच गावचा. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज नाहीसे झाले आहेत. त्या काळची फिल्म झटकन पेट घेणारी, प्रती मोजक्या. मी म्हणालो, “बाबा, पैऱ्याला निदान एकाकडे तरी बैल लागतो.” मुलगा हसला नाही. “म्हणजे कुणाच्या माळ्यावर एखादा डबा सापडला तर?” असे त्याने विचारले, आणि तास संपल्याची घंटा झाली.