काउंटी

काउंटी हा इंग्लंडमधील स्थानिक कारभाराचा जुना विभाग. इंग्लंडच्या वसाहतींमधून तो पुढे आयर्लंड, अमेरिका इत्यादी देशांत गेला. काउंट म्हणजे सरदार आणि त्याच्या अंमलाखालचा मुलूख ती काउंटी, असा फ्रेंचमधला मूळ अर्थ. इंग्लंडात मात्र विभाग आधीचा, नाव मागाहूनचे. १०६६ मध्ये नॉर्मन आले, तेव्हा तिथे ‘शायर’ रुळलेले होते. नव्या राज्यकर्त्यांनी त्यांनाच काउंटी म्हणायला सुरुवात केली. यॉर्कशायर, हॅम्पशायर या नावांत जुना शब्द टिकून आहे.

शायरची पद्धत वेसेक्सच्या राज्यात आठव्या-नवव्या शतकांत रूढ झाली. दहाव्या शतकात वेसेक्सच्या राजांनी डेन लोकांकडून मध्य इंग्लंड जिंकून घेतले आणि तटबंदीच्या गावांभोवती नवे शायर आखले. वॉरिकशायर, लेस्टरशायर यांसारख्या काउंट्यांना मुख्य गावाचे नाव मिळाले ते यामुळे. केंट, ससेक्स, एसेक्स ही मुळात स्वतंत्र राज्ये, म्हणून त्यांच्या नावामागे ‘शायर’ नाही. शायरखाली ‘हंड्रेड’ नावाचे पोटविभाग असत. १०८६ ची ‘डूम्सडे बुक’ ही जमीनपाहणीही काउंटीवार लिहिलेली आहे.

राजाच्या वतीने काउंटीचा कारभार शेरीफ पाही. वसूल, न्यायसभा आणि गुन्हेगारांची धरपकड ही कामे त्याच्याकडे असत. वसुलाची पद्धत बरीचशी इजाऱ्याची होती : ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची, वर जमेल ते शेरीफचे. वर्षातून दोनदा त्याला हिशेबासाठी हजर व्हावे लागे. चौकटींचे कापड अंथरलेल्या मेजावर सोंगट्या मांडून त्याच्यासमोर बेरजा-वजाबाक्या होत. या पद्धतीत जुलूम होणारच. ११७० मध्ये दुसऱ्या हेन्रीने चौकशी लावून बहुतेक शेरीफांना घरी बसवले. मुंबईचे नगरपाल हे मानाचे पद म्हणजे याच शेरीफपदाचा वसाहतकालीन वारसा.

शेरीफचे महत्त्व घटत गेले, तसा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या दंडाधिकाऱ्यांकडे आला. १३६१ च्या कायद्याने या पदाला पक्के रूप दिले. हे दंडाधिकारी तिथलेच जमीनदार असत. दर तिमाहीच्या बैठकीत ते खटले चालवीत, शिवाय पूल, तुरुंग आणि स्थानिक कर यांचेही निर्णय घेत. भारतातील जिल्ह्याची काउंटीशी तुलना केली जाते, पण ती फार ताणू नये. जिल्ह्याचा कलेक्टर हा सरकारने नेमलेला पगारी अंमलदार, तर इंग्लंडची काउंटी स्थानिक प्रतिष्ठितांनी चालवलेली. लोकांना मात्र दोन्हीकडे मत नव्हते. काउंटीच्या वतीने पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी तेराव्या शतकापासून बसत होते, पण निवडून आलेली काउंटी कौन्सिले १८८८ च्या कायद्यानेच अस्तित्वात आली.

विसाव्या शतकातील फेररचनांनी जुन्या सीमा विस्कटल्या. १९६५ मध्ये मिडलसेक्सचा बहुतांश भाग बृहन्लंडनमध्ये गेला आणि काउंटीचा कारभार संपला. क्रिकेटमध्ये मिडलसेक्सचा संघ अजून खेळतो. चिमुकली रटलंड १९७४ मध्ये लेस्टरशायरमध्ये घातली गेली. तिथल्या रहिवाशांना ते रुचले नाही आणि १९९७ मध्ये तिचा कारभार पुन्हा स्वतंत्र झाला.

अमेरिकेत व्हर्जिनिया वसाहतीने १६३४ मध्ये आठ शायर स्थापून ही पद्धत सुरू केली. आज तिथे तीन हजारांवर काउंट्या आहेत. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे होती. इंग्लंडात केवळ मानाचे उरलेले शेरीफपद अमेरिकेत जिवंत आहे : बहुतेक राज्यांत शेरीफ लोकांकडून निवडला जातो आणि पोलिसांचे काम करतो. लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ आणि अलास्कात ‘बरो’ आहेत. कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी सरकारे बरखास्त केली, कारण तिथे कारभाराची खरी सूत्रे पूर्वीपासून गावांच्याच हाती होती.