भांडार आणि दुभाषी

दिवाळीच्या चार दिवसांत पट मांडायची चाल आमच्या घरी फार जुनी. माझ्या लहानपणी तो कापडाचा होता आणि दान कवड्यांचे पडे. आता कपाटात रंगीत खोक्यांची चळत लागली आहे. काही वर्षांपूर्वी माझी भाची म्हणाली, "मामा, पाहुणे जमले की निम्मी संध्याकाळ खोक्यांवरची अक्षरं वाचण्यात जाते. कोणता खेळ किती जणांचा, किती वेळाचा, हे बोट लावताच कळेल असं काही करून द्या ना!" मी पडलो संगणकाच्या धंद्यातला. तेव्हा लगेच हो म्हटले, आणि त्या एका होकारापायी एका भांडाराचा सारा इतिहास मला चाळावा लागला.

१९९५ साली जर्मनीत क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' निघाला आणि बैठ्या खेळांचे वेड देशोदेशी पसरले. पुढे जानेवारी २००० मध्ये स्कॉट आल्डन आणि डर्क सोल्को या दोघा अमेरिकनांनी 'बोर्डगेमगीक' नावाचे भांडार इंटरनेटवर उघडले. गीक म्हणजे एखाद्या विषयाचा नादिष्ट. खेळाचा कर्ता कोण, साल कोणते, खेळाडू किती, ही माहिती नादिष्टांनीच भरायची, अशी तिथली रीत. पहिल्या क्रमांकावर १९८६ सालचा 'डी माखर' आहे, तर कटानचा क्रमांक १३. आज तिथल्या नोंदी लाखाच्या वर गेल्या आहेत.

माणसाने हे भांडार पाहायचे तर पान उघडले की झाले. पण एका प्रोग्रामला तिथली माहिती हवी असेल तर त्याच्यासाठी निराळी खिडकी लागते. तिला एपीआय म्हणतात. ठरलेल्या शब्दांत मागायचे, ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचे. या खिडकीची भाषा आहे एक्सएमएल. १९९८ साली ती प्रमाण ठरली आणि त्या काळी सर्वत्र तिचाच बोलबाला होता. पण २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी जेसन नावाची सुटसुटीत रीत काढली, आणि पाहता पाहता नव्या पिढीचे प्रोग्राम तीच बोलू लागले. भांडार मात्र आपल्या जुन्या भाषेतच राहिले. यात त्याला नावे ठेवण्यासारखे काही नाही. असंख्य प्रोग्राम एका साच्यावर विसंबले की तो साचा बदलणे म्हणजे त्या सर्वांच्या पायाखालची सतरंजी ओढणे!

मग ठिकठिकाणच्या प्रोग्रामरांनी जे केले तेच मीही केले. मध्ये एक दुभाषी बसवला. त्याला प्रॉक्सी म्हणतात. एका तोंडाने तो भांडाराशी एक्सएमएल बोलतो आणि दुसऱ्या तोंडाने आपल्याशी जेसन.

काम दोन संध्याकाळचे वाटले होते. दोन महिने पुरले. शब्दाला शब्द ठेवला म्हणजे भाषांतर होत नाही, हे मराठी वाचकाला मी काय सांगावे! खेळाचा कर्ता एकच असला की माझा दुभाषी त्याचे नुसते नाव देई, दोन असले की यादी देई. पुढचा प्रोग्राम गोंधळून जाई. शेवटी एकट्यालाही एकाच्या यादीतच बसवले. सालांची गंमत आणखी वेगळी. 'गो' या प्राचीन खेळाचे साल भांडारात उणे २२०० असे लिहिलेले आहे, म्हणजे इसवी सनापूर्वीचे. आणि जिथे साल ठाऊक नसेल तिथे शून्य. माझ्या दुभाष्याने ते शून्य तसेच पुढे दिले आणि भाचीच्या पडद्यावर एक खेळ 'इसवी सन ०' मध्ये जन्माला आला! 'ठाऊक नाही' याचे भाषांतर 'ठाऊक नाही' असेच व्हायला हवे. तिथे आकडा ठेवणारा दुभाषी खोटे बोलतो.

पण माझी खरी चूक याहून मोठी होती. एखाद्याच्या संग्रहातल्या साऱ्या खेळांची यादी मागितली की भांडार कधी कधी नुसता २०२ हा आकडा पाठवते. त्याचा अर्थ, मागणी पोचली, तयारी चालू आहे, थोड्या वेळाने या. माझा दुभाषी थांबणे जाणतच नव्हता. तो पुन्हा मागे, लगेच पुन्हा मागे. त्यात मी मोठ्या अभिमानाने तो दहाबारा मित्रांना वापरायला दिलेला. ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडकीतून ४२९ आले, म्हणजे मागण्या फार झाल्या. घरात पाहुणे, पडदा कोरा, आणि भाची माझ्याकडे पाहते आहे!

त्या रात्री मला शरम वाटली ती पाहुण्यांपुढे फजिती झाली म्हणून नव्हे. नादिष्टांनी हौसेने भरलेल्या भांडारातून मी फुकट घेत होतो आणि वर त्याचे दार बडवत होतो. दुभाष्याची नोकरी दोन्ही बाजूंची असते. मी एकाच बाजूची सोय पाहिली होती.

पाडव्याला बसून दुरुस्ती केली. एकदा आणलेले उत्तर दिवसभर जपून ठेवायचे. वीस जणांनी कटान मागितला तरी भांडाराकडे एकदाच जायचे. दोन मागण्यांमध्ये श्वास घ्यायचा. २०२ आले की थांबायचे, आणि पुन्हा तेच आले तर दुप्पट थांबायचे.

२०२५ साली भांडाराने या खिडकीसाठी नावनोंदणी आणि परवान्याची खूण आवश्यक केली. काहीजण कुरकुरले. मला मात्र राग आला नाही. दार बडवणाऱ्यांपैकी मीही एक होतो ना! निमूटपणे नाव नोंदवले.

यंदा भाचीने बोट लावले, खेळ निवडला, पाहुणे खेळायला बसले. दुभाष्याची आठवण कोणालाच झाली नाही. दुभाषी चांगला असला म्हणजे असेच व्हायचे.