घरचें गाणें आणि त्याचें ध्वनिमुद्रण

गवयाचा गळा गवयाबरोबरच जावयाचा, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं निमूटपणें पत्करली होती. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. 'स्वयंवर' नाटकांतील पदांना त्यांनीं दिलेल्या चाली महाराष्ट्राच्या घरोघरीं गेल्या, पण बुवांच्या स्वतःच्या आवाजाची एकही तबकडी मागें राहिली नाहीं. खांसाहेब अल्लादिया खां यांना तर १९४६ पर्यंत आयुष्य लाभलें. तोंवर हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू होऊन चव्वेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. तरी खांसाहेबांनीं तबकड्या दिल्या नाहींत. त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका मात्र १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांवर चढली, आणि त्यांपैकीं पहिलें यान आतां सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलें आहे. गुरूचा आवाज ऐकणारांच्या आठवणींबरोबर विरला व शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या वाटेला लागला, हा दैवाचा खेळ म्हणावा कीं यंत्राचा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

हें यंत्र प्रथम आलें तें १९०२ सालीं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. ध्वनिमुद्रणांत त्या वेळीं विजेचा मायक्रोफोन आलेला नव्हता. गायिकेनें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, आवाजाच्या जोरानें पडदा हालावयाचा, आणि पडद्याला जोडलेल्या सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावयाची, इतकाच तो प्रकार. तानपुऱ्यासारख्या मंद वाद्याचा त्यांत मागमूसही उरत नसे. मेणाच्या त्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हरला पाठवून तेथें छापल्या जात. तेथील कारागिरांना कोणतें गाणें कोणाचें हें कळावें म्हणून गाणें संपतांच गायिका आपलें नांव मोठ्यानें उच्चारी. ही युक्ति घरच्या मुद्रणासही उचलण्यासारखी आहे. नांव व तारीख तोंडानें सांगितलेली असली म्हणजे तीस वर्षांनंतर घरांत वाद माजत नाहीं.

१९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, आणि किंमती कांहीशा आवाक्यांत आल्या. परंतु दोन जाच कायम राहिले. एक वेळेचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें सव्वातीन मिनिटें मावत. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यांत बसविणें म्हणजे हत्तीला पेटाऱ्यांत कोंबणें होय. अब्दुल करीम खां यांच्यासारख्यांनीं तेंही साधलें, म्हणून तर त्यांच्या तबकड्या आजही लोक जिवापाड जपतात. पण तो त्यांचा अधिकार होता. दुसरा जाच अधिक कठोर. कोणाचा आवाज टिकावा हें कंपनी ठरवी, आणि कंपनी पाही विक्रीकडे. मुंबईंत १९३५ सालीं निघालेल्या 'यंग इंडिया' या स्वदेशी छापाच्या कंपनीनें नवख्या व हौशी गायकांना बरीच संधि दिली, हें तिचें श्रेय कोणी नाकारूं नये. तरीसुद्धां घरांत देवापुढें गाणारी आई, भजनाचा ठेका धरणारे आजोबा, यांचा आवाज कोणत्या कंपनीनें कां म्हणून घ्यावा?

येथें तंत्राच्या वाढीचा धागा थोडा मागें जाऊन धरला पाहिजे. १९१६ सालीं अमेरिकेंत वेंट यानें कंडेन्सर मायक्रोफोन बनविला, आणि १९२५ पासून तबकड्यांचें मुद्रण विजेच्या साहाय्यानें होऊं लागलें. त्याबरोबर कर्ण्यांत ओरडण्याची गरज संपली; कुजबुजही टिपतां येऊं लागली. १९३५ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत चुंबकीय फितीचें यंत्र मांडलें गेलें, आणि महायुद्धानंतर तें जगभर पसरलें. फितीला तबकडीसारखी तीन मिनिटांची मर्यादा नव्हती. पुसून पुन्हा वापरतांही येई. पुढें ज्यांना परवडलें त्या रसिकांनीं स्पूलचे टेपरेकॉर्डर मिळवून बैठकीच्या कोपऱ्यांत मांडले. आज पुष्कळ गवयांचें मोकळें, रंगांत आलेलें गाणें ऐकावयास मिळतें तें अशा हौशी माणसांच्या चिकाटीमुळें. १९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट निघाली, आणि हें सामर्थ्य मध्यम स्थितीच्या घरांतही शिरलें.

या सामर्थ्याचा सर्वांत मोलाचा उपयोग मात्र गवयांसाठीं झालेला नाहीं. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांपैकीं कित्येक ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या. त्या मुद्रणाचे तास शंभराहून अधिक भरतात. पिठाची गिरणी गांवांत आली कीं जातें थांबतें, आणि जातें थांबलें कीं ओवी तोंडांतून जाते. तें काम आणखी एक पिढी लांबलें असतें, तर शब्द कदाचित् कागदावर मिळाले असते. गळ्याची ती हेल मिळाली नसती.

यानंतरची कथा संगणकाची. जपानच्या टीॲक कंपनीनें १९७९ सालीं 'पोर्टास्टुडिओ' हें यंत्र काढलें. त्यांत साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या मुद्रित करतां येत. घरांतली खोली हीच ध्वनिशाळा होऊं शकते, ही कल्पना त्यानें रूढ केली. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क आली, व आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन त्यांचे आंकडे मांडण्याची रीत सर्वमान्य झाली. आतां तेंच काम घरच्या संगणकाकडे आलें आहे. संगणकाला आंकडे कळतात, मायक्रोफोनला विजेच्या लहरी. मधला दुभाष्या म्हणजे ऑडिओ इंटरफेस. मायक्रोफोनचा क्षीण प्रवाह वाढविणें, त्याचे आंकडे करणें, व आंकड्यांचा पुन्हा आवाज करून कानाला देणें, हीं तीन कामें तो करतो. संगणकाच्या पोटांतही अशी सोय असते. पण तेथें पंखा व इतर विद्युत्भाग यांचा गोंगाट तिच्या अंगावर येतो. म्हणून ही पेटी बाहेर ठेवलेली बरी.

नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथें पूर्वीं शेतें होतीं, तेथें आतां सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. अशा सदनिकेंत राहणाऱ्या, घरांत गाणें असलेल्या कुटुंबानें कोणती पेटी घ्यावी? बाजारांत बऱ्यापैकीं यंत्रें हल्लीं चार-पांच हजारांपासून पंधरा हजार रुपयांच्या आंत मिळतात. प्रथम एकाच वेळीं किती मायक्रोफोन लागतील तें मोजावें. गाणारा एकटा व तानपुरा मोबाईलवरचा, तर एक जागा पुरते. पेटी साथीला असेल, किंवा तबल्याचा दायां-बायां वेगळा घ्यावयाचा असेल, तर दोन हव्या. घरगुती कामाला दोन जागांची पेटी हीच बहुधा योग्य. कंडेन्सर मायक्रोफोन वापरावयाचा तर ४८ व्होल्टचा पुरवठा तिच्यांत असला पाहिजे. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनला तो लागत नाहीं.

फसगत होते ती आंकड्यांच्या मोहानें. खोक्यावर १९२ हजार नमुने असें ठळक छापलेलें दिसतें, आणि माणूस त्यासाठीं जादा पैसे मोजतो. मनुष्याच्या कानाला सुमारें वीस हजार कंपनांपलीकडे ऐकूं येत नाहीं, व त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने घेतले कीं काम भागतें. ४८ हजार नमुने व २४ बिट एवढें पुष्कळ झालें. २४ बिटांचा खरा लाभ असा कीं आवाज जरा खालच्या पातळीवर घेतला तरी बिघडत नाहीं. उंच तानेला तो फाटण्याची भीति राहत नाहीं. ज्याकडे कोणी पाहत नाहीं तें म्हणजे विलंब. संगणक २५६ नमुन्यांचा एकेक गठ्ठा करून घेत असला, तर ४८ हजारांच्या हिशेबानें एका गठ्ठ्यास पांच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. जाणें-येणें धरून तो दुप्पट होतो, आणि आपलाच आवाज उशिरा ऐकून गाणाऱ्याची लय डळमळते. म्हणून आवाज संगणकांत न फिरवितां थेट हेडफोनला देण्याची सोय पेटींत आहे ना, हें दुकानांतच पाहावें. जुनी पेटी स्वस्तांत मिळत असेल, तर आपल्या संगणकावर तिचा ड्रायव्हर चालतो कीं नाहीं याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

उरलेले पैसे खोलीवर खर्चावेत. त्यांतलेही फारसे लागत नाहींत. नव्या सदनिकांच्या उघड्या भिंतींवरून आवाज परततो व गाणें विहिरींतून आल्यासारखें होतें. भिंतींवर दोन गोधड्या टांगाव्या, खालीं सतरंजी घालावी, कपड्यांचें कपाट उघडें ठेवावें. पण नागपूरकडचा खरा शत्रु कूलर! मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि खसाच्या ताट्यांतून घरघरणारा तो पंखा तर पंधरा हजारांच्या पेटीलाही आवरत नाहीं. तेव्हां उन्हाळ्यांत पहाटे पांचची वेळ धरावी. कूलर बंद, खिडक्या लावलेल्या, आणि आजी नुकती स्नान करून देवापुढें बसलेली.