अनागोंदीची नदी आणि आपली वही



आषाढी जवळ आली की आमच्या गटाच्या बैठकीत हिशेबाआधी अभंग होतात. दोन वर्षांमागे अशाच बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्क आजींनी भानुदास महाराजांची गोष्ट सांगितली. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय पंढरीचा विठ्ठल आपल्या राजधानीला घेऊन गेला आणि पैठणच्या संत भानुदासांनी तो परत आणला, अशी ती कथा. भानुदास म्हणजे एकनाथ महाराजांचे पणजोबा. त्या कथेत गावाचं नाव येतं अनागोंदी. आजी म्हणाल्या, "मी काय जायची नाही, तुम्ही तरी बघून या." म्हणून हिवाळ्यात आम्ही अकरा जणी निघालो.

हे गाव खरंच आहे. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात, गंगावती तालुक्यात, तुंगभद्रेच्या उत्तर काठावर. तिथले लोक आनेगुंदी म्हणतात. कानडीत आने म्हणजे हत्ती आणि गुंडी म्हणजे खड्डा. राजाचे हत्ती इथे ठेवत, म्हणून हे नाव, असं सांगतात. समोरच्या काठावर हंपी. विजयनगरचं राज्य १३३६ च्या सुमारास उभं राहिलं, ते आधी याच काठावर, असं मानतात. हंपीतलं विठ्ठल मंदिर आम्ही पाहिलं. कोरीव खांब, दगडी रथ, पण गाभाऱ्यात मूर्ती नाही. आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

नदी ओलांडायला तिथे वेताची गोल होडी असते, मोठ्या टोपल्यासारखी. १५२० च्या सुमारास पोर्तुगालचा डोमिंगो पाइश हा प्रवासी इथे आला होता. त्यानं अशाच गोल होड्यांबद्दल लिहून ठेवलंय. आतून वेत, बाहेरून कातडं, एकेकीत पंधरा-वीस माणसं. पाचशे वर्षं झाली, होडीचा आकार तोच. मधे इथे पूल बांधायला घेतला होता. तो काम चालू असतानाच जानेवारी २००९ मध्ये कोसळला आणि मजुरांचे जीव गेले.

आम्हाला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते पाटाचं. विजयनगरच्या काळात नदीत खडकापासून खडकापर्यंत दगडांचे बुटके बंधारे घातले. ते पाणी सगळं अडवत नाहीत. थोडं पाटाकडे वळवतात, बाकीचं वरून वाहून जातं. १५६५ च्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली, ओस पडली. राजे गेले, पण त्या काळचे पाट आजही भाताला आणि केळीला पाणी देतात. पुढे वरच्या अंगाला मोठं तुंगभद्रा धरण झालं, १९५३ साली त्याचं पाणी सुटलं आणि गंगावती भाताचं कोठार झालं. त्याच धरणाचा एकोणिसावा दरवाजा १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री साखळी तुटून वाहून गेला. तेव्हा कळतं, बांधून झालं म्हणजे संपलं असं पाण्याच्या कामात नसतं. पाट असो की धरण, दरवर्षी राखावं लागतं.

गावात केळीच्या बागा दाट. घड उतरवला की खुंट तोडून टाकायचा, ही रीत. पण इथल्या बायका त्या खुंटाची सोपटं सोलून वाळवतात, त्याचा दोर वळतात आणि पिशव्या, चटया, टोपल्या करतात. किष्किंधा ट्रस्ट या संस्थेनं हे काम गावात रुजवलं. बागेत कुजणाऱ्या वस्तूवर बायकांच्या हाती रोख पैसा येऊ लागला.

आमच्यातल्या एकीचं माहेर जतकडचं, तिला कानडी येतं. तिनं दोर वळणाऱ्या एका बाईंना विचारलं, "अक्का, गाव बघायला एवढे लोक येतात, बरं वाटतं का?" त्या म्हणाल्या, "येतात, दगडाचे फोटो काढतात. दगड कुणी वाहिले, पाटातला गाळ कुणी काढला, हे कोण विचारतं?"

आम्ही गप्प झालो. हंपीला १९८६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. देवळाच्या फलकावर राजाचं नाव असतं. भात लावणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच फलकावर नसतं.

परत आलो तेव्हा आजींना सगळं सांगितलं. त्यांनी पाटाबद्दल दोनदा विचारलं. या चैतात आजी गेल्या. कृष्णाकाठच्या आमच्या गावातल्या प्रत्येक शेताचं जुनं नाव त्यांना ठाऊक होतं. कुठली विहीर कुणाच्या श्रमानं झाली, महापुरात पाणी कुठवर आलं, नाव कुठे लागायची, सगळं तोंडपाठ. आम्ही ऐकलं, हसलो, लिहिलं मात्र नाही.

गेल्या महिन्यात ग्रामसभेत जुन्या पाणवठ्याच्या वाटेचा विषय निघाला. ती बायकांची वहिवाटीची वाट. पण कधीपासूनची, हे ठामपणे सांगायला आजी नव्हत्या आणि आमच्याकडे कागद नव्हता. गटाच्या वहीत आमच्या पंधरा वर्षांच्या बचतीचा रुपयान् रुपया लिहिलेला आहे. गावाची एक ओळ नाही.

म्हणून आम्ही दुसरी वही घातली आहे. दर बैठकीला एका वयस्क बाईला चार गोष्टी विचारतो: तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात? शेतांना काय नावं होती? पूर कुठवर आला होता? गावातलं कुठलं काम बायकांनी केलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली नाव, तारीख घालायची.

तुंगभद्रा पुढे कर्नूलकडे आपल्या कृष्णेलाच मिळते. काठ वेगळे, पाणी एकच. सख्यांनो, तुमच्या गटातही एखाद्या आजी असतील. पुढच्या बैठकीला वही-पेन घेऊनच जा. त्या वाटेचा निकाल अजून लागायचा आहे. आतापर्यंत आमच्या वहीत सात आज्यांची नावं आली आहेत.