घरगुती ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह : टर्बो गाडीला ‘छिस्स’ आवाज बसवण्याआधी हे वाचा

नरखेड : गिअर बदलताना ‘छिस्स’ आवाज काढणारी गाडी मोबाईलवरच्या व्हिडीओत अनेकांनी पाहिली असेल. तो आवाज ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा. लेथ मशीनवर असा व्हॉल्व्ह बनवता येतो, हे खरं आहे. पण तो कोणत्या गाडीला चालतो, कोणत्या गाडीला नुसता तोट्याचा आणि चुकीच्या ठिकाणी जोडला तर ब्रेकवर कसा उठतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

व्हॉल्व्ह कशासाठी असतो?

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजच्या छोट्या गाड्यांचा टर्बो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो.

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेतली थ्रॉटलची झडप बंद होते. टर्बो मात्र लगेच थांबत नाही. दाबलेली हवा बंद झडपेवर आदळून उलटी टर्बोच्या चाकावर येते. तेव्हा फडफड आवाज येतो आणि चाकावर, बेअरिंगवर ताण पडतो. ही अडकलेली हवा सोडून देणं एवढंच या व्हॉल्व्हचं काम.

टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू अशा टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये जास्तीच्या दाबाची सोय कंपनीनेच केलेली असते. कंपनीचा व्हॉल्व्ह सहसा ही हवा बाहेर न सोडता एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात परत पाठवतो. म्हणून मोठा आवाज येत नाही.

घरी बनवतात तो कसा चालतो?

नळीसारखी बॉडी, तिच्यात पिस्टन, वर स्प्रिंग, रबरी ओ-रिंग आणि झाकणाला एक निपल, असे त्याचे भाग. खालचं तोंड टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या पाइपाला जोडतात. निपलातून बारीक होज थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डला जाते.

ॲक्सिलरेटर दाबलेला असताना पिस्टनच्या वर-खाली जवळपास सारखाच दाब असतो, त्यामुळे स्प्रिंग त्याला बंद ठेवते. ॲक्सिलरेटर सोडला की मॅनिफोल्डमध्ये ओढ, म्हणजे व्हॅक्यूम तयार होतो. वरून ओढ आणि खालून दाब मिळाला की पिस्टन उचलतो आणि हवा सुटते.

सगळा खेळ स्प्रिंगचा आहे. पिस्टन २५ मिलिमीटर व्यासाचा धरला तर एक बार दाब (टायरच्या हवेच्या हिशोबाने साडेचौदा पीएसआय) त्याला साधारण ५ किलोने ढकलतो. गाडी उभ्यावर चालू असतानाचा ०.६ बार व्हॅक्यूम त्याला ३ किलोने ओढतो. स्प्रिंग ३ किलोपेक्षा थोडी कडक हवी. नरम असेल तर गाडी उभी असतानाही व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा एअर फिल्टरमधून आलेली नसते. पांदण रस्त्यावरची धूळ थेट टर्बोच्या चाकावर आणि पुढे सिलिंडरमध्ये जाते. फार कडक असेल तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडतच नाही.

दुसरी अडचण सेन्सरची. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे, तिथे मोजलेली हवा बाहेर सोडली तरी कॉम्प्युटर त्या हिशोबानेच पेट्रोल देतो. मग काळा धूर निघतो, गाडी झटके देते, ॲव्हरेज पडतो.

पीव्हीसी पाइप आणि एम-सीलचा जुगाड तर नकोच. टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांच्या वर तापू शकते, त्याआधीच पीव्हीसी नरम पडतो. सुटलेला तुकडा पाइपातून इंजिनात गेला की काम वाढलं.

संत्र्याच्या पिकअपला चालतो का?

नाही. नरखेड-काटोल पट्ट्यात संत्रा वाहणारी बोलेरो पिकअपसारखी गाडी टर्बोची आहे, पण डिझेलची. डिझेल इंजिनात वेग कमी करायला हवा अडवत नाहीत, डिझेल कमी करतात. बीएस-६ गाडीत हवेच्या वाटेत झडप दिसली तरी तिचं काम वेगळं असतं. त्यामुळे हवा अडकून उलटी फिरण्याचा प्रश्न सहसा येत नाही आणि व्हॉल्व्ह उघडायला लागणारा व्हॅक्यूमही मॅनिफोल्डमध्ये मिळत नाही.

म्हणून काही जण बटण आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह लावतात. त्याने आवाज येतो, फायदा शून्य. गिअर बदलताना भरलेली हवा निघून जाते आणि भरलेल्या गाडीला चढावर पुन्हा दाब जमेपर्यंत ओढ मिळत नाही. सेन्सरचा हिशोब चुकला की चेक लाइट लागते आणि इंजिन आपली ताकद कमी करून घेतं. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या डिझेल टाटा एसला तर टर्बोच नाही.

सर्वात मोठा धोका ब्रेकचा

बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला मॅनिफोल्डमधूनच व्हॅक्यूम मिळतो. जाड होज हाताशी दिसते म्हणून त्यातच टी बसवून व्हॉल्व्हला जोड दिली आणि ती गळली, तर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. गाडी थांबायला जास्त जागा लागते. डिझेलमध्ये वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्याच्या होजला हात लावला तरी धोका तोच. ब्रेकची होज कोणत्याही कामासाठी कापू नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीत नसलेला बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर कलम १९० (२) खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर तीन महिन्यांची बंदी आहे. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही असा बदल आडवा येऊ शकतो.

गाडी खरंच ओढत नसेल तर

- टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज आणि क्लिप तपासा. साबणाचं पाणी लावून हवेचा दाब दिला की गळती फुग्यांनी दिसते.
- पेट्रोल गाडीत कंपनीच्या व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला नाही ना, ते मिस्त्रीकडून पाहून घ्या. खराब असेल तर त्याच मॉडेलचा नवा टाका.
- धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर चोंदतो. कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधीच तो उघडून पाहा.
- ऑइल ठरलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला. टर्बोचं बेअरिंग ऑइलवरच जगतं.
- लांबून किंवा भरलेली गाडी आणल्यावर लगेच बंद करू नका. अर्धा ते एक मिनिट उभ्यावर चालू ठेवा.