कापसाची मोटार

नववीला जर्मनीची फाळणी शिकवताना मी दरवर्षी विचारतो, "कापसाची मोटार कुणी पाहिली आहे का रे?" वर्गात हशा पिकतो. मग मी फळ्यावर ट्राबांटचे चित्र लावतो.

ही मोटार पूर्व जर्मनीतील त्स्विकाऊ या गावची. गाव मोटारींचे जुने माहेरघर. ऑगस्ट हॉर्ख या कारखानदाराला स्वतःच स्थापलेली कंपनी सोडावी लागली आणि नव्या गाड्यांना आपले आडनाव देण्यासही कोर्टाने मनाई केली. जर्मनमध्ये 'हॉर्ख' म्हणजे 'ऐक'. लॅटिन शिकणाऱ्या एका शाळकरी मुलाने सुचवले की, याचे लॅटिन करा. तेच 'ऑडी'! घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना या युक्तीचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गाव सोव्हिएत अमलाखाली गेले आणि कारखाने सरकारी झाले. नोव्हेंबर १९५७ मध्ये ट्राबांटचे उत्पादन सुरू झाले. आदल्याच महिन्यात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता. 'ट्राबांट' म्हणजेही सोबती, उपग्रह. पत्र्याची तर टंचाई. म्हणून सांगाडा पोलादी ठेवून त्यावरचे बाह्यांग सोव्हिएत कापसाचा टाकाऊ भाग आणि कृत्रिम राळ एकत्र दाबून केले. याचे नाव ड्युरोप्लास्ट. त्याला गंज चढत नसे. लोक मात्र तिला थट्टेने पुठ्ठ्याची गाडी म्हणत.

१९६४ साली आलेले '६०१' हे मॉडेल जवळजवळ शेवटपर्यंत चालले. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, शक्ती अवघी २६ अश्वशक्ती. पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली, इंजिनाहून उंचावर; त्यामुळे पेट्रोल आपसूक खाली उतरे, पंपाची गरज नव्हती. टाकीत किती उरले हे पट्टी बुडवून पाहायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले, मागे निळा धूर. अभियंते मागासलेले होते असे नव्हे. त्यांनी नव्या गाडीचे नमुने तयार केले होते. पक्षाच्या नेतृत्वाने ते बासनात बांधून ठेवले. आणि एवढी ही गाडी मिळवण्यासाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागे. ताबडतोब मिळते म्हणून जुनी गाडी नवीपेक्षा महाग विकली जाई.

हे वाचताना मला नेहमी आमचे अण्णा आठवतात. मी दुसरीत असताना त्यांनी स्कूटरचे बुकिंग केले. "स्कूटर आली की तुला वाडीला नेतो, दत्ताच्या दर्शनाला," असे ते आजीला सांगत. स्कूटर दारात आली तेव्हा मी दहावीत होतो आणि आजीला जाऊन दोन वर्षे झाली होती. अण्णांनी स्कूटरला हार घातला, नारळ फोडला, आणि बराच वेळ तिच्यावर बसलेच नाहीत.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनची सरहद्द खुली झाली. मी तेव्हा कोल्हापूरला बी.ए.ला होतो. वर्तमानपत्रातले फोटो अजून डोळ्यांसमोर आहेत : सरहद्दीच्या फाटकातून ट्राबांटची रांग निघालेली, आणि पलीकडची माणसे त्यांच्या टपांवर थापा मारून स्वागत करताहेत. उभ्या जन्माची थट्टा झालेली ती गाडी एका रात्रीत स्वातंत्र्याची खूण झाली. भिंतीच्या उरलेल्या भागावर बिर्गिट किंडर या चित्रकर्तीने १९९० मध्ये भिंत फोडून बाहेर येणारी ट्राबांट रंगवली. तिच्या नंबरप्लेटवर तीच तारीख आहे. दुकानांत परदेशी गाड्या आल्या आणि ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्राबांट कारखान्यातून बाहेर पडली. तोवर तीस लाखांवर गाड्या झाल्या होत्या.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, इतकी वर्षं ते लोक थांबले कशाला?"

मी म्हणालो, "बाळ, त्यांना दुसरी मोटार निवडता येत नव्हती, आणि दुसरे सरकारही."

उत्तर बरोबरच होते. पण घरी आल्यावर अण्णांच्या ट्रंकेतली बुकिंगची पिवळी पावती काढून पाहिली. तारीख आहे, रक्कम आहे, सही आहे. आजीचे नाव तिच्यावर कुठेच नाही.